उचल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, गोधड्या, कोयते, एखादी शेळी आणि कडेवरची लेकरं चढतात. गाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. बीड तालुक्यातलं चौसाळा धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. मांजरसुंब्याच्या दक्षिणेला, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेजवळ. या टापूत हंगामाच्या दिवसांत अनेक घरांत दोनच पिढ्या मागे उरतात: म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं.

ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. हा कोयता गावातून हलतो तो उचलीवर. हंगाम सुरू होण्याआधी मजुरांची टोळी नेणारा मुकादम एक रक्कम हातात ठेवतो, तीच उचल. लग्न, आजारपण, जुनं देणं यांत ती संपून जाते. मग पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हिशेबाची वही मुकादमाकडे. हंगाम संपताना उचल फिटली नसेल, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते.

व्हिडिओ गेमच्या व्यसनावरचं प्रकरण ऊसतोडीपासून का सुरू केलं, असं वाटेल. रात्री दोन वाजता गोधडीखाली मोबाइल धरून बसलेल्या पोराचं नेमकं काय होतं, हे सांगायला मला 'उचल' याहून नेटका शब्द सापडलेला नाही. ऊसतोडीची उचल अंग मोडून घेते. तिची आणि मोबाइलवरच्या खेळाची बरोबरी केली तर तो मजुरांवर अन्याय होईल. मी घेतो आहे ती फक्त व्यवहाराची रीत: आधी हातात काहीतरी ठेवायचं, त्यावर माणूस बांधून घ्यायचा आणि वही आपल्याजवळ ठेवायची.

मागे राहिलेला

या प्रकरणात एक मुलगा पुन्हा पुन्हा भेटेल. तो कल्पनेतला आहे, म्हणून त्याला नाव देत नाही. त्याच्या भोवतालची परिस्थिती मात्र या भागातल्या कुणालाही ओळखता येईल.

तो वीस वर्षांचा आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आई-वडील कोयत्यावर गेलेत, घरी आजी आहे. महाविद्यालयात जायला एस.टी.चा पास आहे. विद्यापीठ म्हणाल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. १९५८ साली स्थापन झालेलं, प्रदीर्घ आंदोलनानंतर १९९४ मध्ये ज्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं ते. त्याच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. शहरातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणजे ग्रंथालय, वसतिगृह, कट्टा, भांडणं, मैत्री असं सगळं असतं. आपल्या मुलाला विद्यापीठ भेटतं ते परीक्षेच्या वेळापत्रकात आणि गुणपत्रकाच्या माथ्यावर. विद्यार्थी म्हणून जगायची जागाच त्याला फारशी नाही.

पहाटे तो भरतीसाठी पळतो. एम.पी.एस.सी.ची तयारीही चालू आहे. घरातला एकमेव स्मार्टफोन त्याच्या हातात आला तो २०२० च्या टाळेबंदीत, ऑनलाइन वर्गांसाठी. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून, डेटा स्वस्त झालेला होता. आता त्या एका यंत्रात त्याचा वर्ग आहे, आईचा आवाज आहे, वडिलांनी पाठवलेले पैसे आहेत, भरतीची जाहिरात आहे आणि खेळही आहे. दारूच्या बाबतीत निदान गुत्त्याच्या वाटेने न जाण्याची सोय असते. इथे गुत्ता आणि शाळा एकाच खिशात आहेत.

रात्री आजी कूस बदलते.

"झोप की बाबा आता. सकाळी पळायला जायचंय ना तुला?"

"एवढीच एक, आजी."

"मघापासून एकच हाये का तुझी?"

आजीचा प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर द्यायला मात्र मानसशास्त्राला बरीच वर्षं लागली.

पहिल्या दिवशी जिंकवणारा खेळ

पबजीसारख्या 'बॅटल रॉयल' खेळाचा साचा असा: शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारं गोळा करतात, एकमेकांना मारतात. सुरक्षित वर्तुळ लहान होत जातं. शेवटपर्यंत जगेल तो किंवा त्याचा गट जिंकतो. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो.

शंभरांत पहिला येणं अवघड. तरी नवख्या खेळाडूला सुरुवातीच्या डावांतच 'चिकन डिनर', म्हणजे विजय, मिळून जातं, कारण त्याच्यासमोरचे बरेचसे प्रतिस्पर्धी माणसं नसतातच. ते संगणकाने चालवलेले बॉट असतात, सहज मरणारे. पोराला वाटतं, आपल्याला जमतंय. ही पहिली उचल. पुढे बॉट कमी होत जातात, खरे खेळाडू वाढतात आणि सुरुवातीला फुकट मिळालेला विजय परत मिळवायला तासन् तास घालावे लागतात.

मग येते ती रोजची हजेरी. आज खेळ उघडला तर एक भेट, सलग सात दिवस उघडला तर मोठी भेट, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. त्यावर 'सीझन'. ठरावीक आठवड्यांचा हंगाम असतो, त्यात रँक चढवायची, आणि हंगाम संपला की रँक खाली येते व सगळं पुन्हा सुरू होतं. साखर कारखान्याचा गळीत हंगाम वर्षातून एकदा येतो. मोबाइलमधला वर्षातून अनेकदा येतो.

बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसणं, हा या यंत्रणेचा गाभा आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर ठरावीक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद होताच कबुतर लवकर थांबतं. दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या चोचीला मिळत असेल, तर ते दाणे बंद झाल्यावरही चोच मारत राहतं. चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत १९५७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात स्किनरने अशा वेळापत्रकांची तपशीलवार मांडणी केली. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. पैसे भरून उघडायच्या आभासी पेट्याही त्यावरच चालतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या.

मेंदूत काय घडतं? १९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लंडनमधल्या संशोधकांचा एक छोटा पण गाजलेला अभ्यास छापून आला. आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं. खेळताना डोपामिन हे रसायन जास्त प्रमाणात पाझरत असल्याचं दिसलं, आणि ज्याचा खेळ चांगला झाला त्याच्यात ते अधिक. तेव्हापासून डोपामिनच्या नावाने बराच बाजार भरला आहे. पण डोपामिन भाकरी खातानाही पाझरतं, तहान लागल्यावर पाणी दिसलं तरी पाझरतं. ते वाढलं म्हणजे व्यसन जडलं, असं नाही. ते मेंदूला एवढंच सांगतं: हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर. नवल आहे ते हे की एखादं यंत्र हा निरोप रात्रभर, न थकता पाठवत राहू शकतं.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही. विटीदांडू टाकून जेवायला जाता येत होतं, इथे नाही. पोरगा एकटा दिसतो, पण त्याच्या कानात तिघे मित्र असतात. एक केजचा, एक वाशीचा, एक पुण्यात खोली करून राहिलेला. मध्येच फोन ठेवला तर तिघांचा डाव बुडतो. मुकादम जसा एकट्या मजुराला नेत नाही, टोळी नेतो, तसाच हाही बंध टोळीचा आहे. "एवढीच एक" हे म्हणणं म्हणून खोटं नसतं. ती एक संपता संपता टोळीने पुढची सुरू केलेली असते.

नाद आणि व्यसन

आवड, छंद, नाद, व्यसन ही मराठीतली उतरंड कुठल्याही तपासणी-पत्रकापेक्षा जुनी आहे. आवड आपण जोपासतो, छंद आपल्याला जोपासतो. नाद लागतो आणि व्यसन जडतं. क्रियापदं पाहिली तरी माणसाच्या हातून लगाम कुठे सुटतो ते कळतं. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण याच विषयाचं. त्यात शिकार आणि द्यूत यांत वाईट कोणतं, याची चर्चा येते. कौटिल्य द्यूताला अधिक वाईट ठरवतो, कारण शिकारीत निदान अंगाला व्यायाम तरी होतो. द्यूताचे दोष सांगताना तो लिहितो की खेळणारा मलमूत्र अडवून धरतो, भूक मारतो आणि त्यातून आजारी पडतो. ताट थंड होऊ देणाऱ्या पोराचं याहून अचूक वर्णन आजच्या दवाखान्यातही सापडणार नाही.

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाला नाव द्यायला वेळ घेतला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या नियमावलीत 'इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर' नोंदवला, पण 'अधिक अभ्यासाची गरज' या शिक्क्यासह. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार म्हणून आहे.

त्याच्या खुणा तीन. पहिली, खेळ कधी सुरू करायचा, किती वेळ खेळायचा, कधी थांबायचं यावरचा ताबा सुटणं. दुसरी, इतर आवडीनिवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ पुढे येणं. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणं किंवा वाढणं. हे सगळं साधारणपणे बारा महिने दिसायला हवं आणि त्यामुळे शिक्षण, काम, नाती, तब्येत यांचं ठळक नुकसान झालेलं हवं.

यात तासांचा आकडा कुठेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत रोज सहा तास खेळून महाविद्यालय सुरू झाल्यावर फोन बाजूला ठेवणारा मुलगा आजारी नाही. रोज तीनच तास खेळणारा, पण त्यासाठी परीक्षेचा पेपर बुडवणारा, झोप मोडणारा, आजीशी खोटं बोलणारा मुलगा मात्र धोक्यात असू शकतो. २०२३ मध्ये पार पडलेल्या हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. म्हणजे हा खेळ शिस्तीने, सराव म्हणून खेळणारेही आहेत. पण गावातल्या प्रत्येक खेळणाऱ्याने 'मी करिअर करतोय' म्हटलं, तर गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाने रणजीचं तिकीट मागण्यासारखं होईल.

किती जणांना हा विकार असतो? अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात सरासरी ३.०५ टक्के हा आकडा आला. निकष अधिक कडक असलेले अभ्यास तेवढे धरले तर तो १.९६ टक्क्यांवर उतरला. म्हणजे शंभर जणांत दोन-तीन. 'सगळी पिढी वाया गेली' ही पारावरची ओरड चूक आहे, आणि 'हा काही आजार नव्हे' हेही चूक. शंभरांतले ते दोन-तीन खरे असतात. त्यांच्या मागे, उंबरठ्यावर, आणखी काही उभे असतात.

शंभरांत एक

आता अवघड प्रश्न. खेळामुळे मन बिघडतं, की बिघडलेलं मन खेळाकडे जातं?

सिंगापूरमध्ये ३,००० हून अधिक शाळकरी मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ज्यांचं खेळणं हाताबाहेर गेलं, त्यांच्यात पुढे नैराश्य, चिंता आणि शाळेतली घसरण वाढली. पण हेही दिसलं की आवेग न आवरणारी, माणसांत मिसळायला अवघडणारी मुलं त्या वाटेला अधिक लागतात. वाट दोन्ही बाजूंनी चालते. २०१४ मध्ये डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर या संशोधकाने एक विचार मांडला: माणूस पडद्याकडे का जातो ते विचारायचं असेल, तर पडद्याबाहेर त्याला काय मिळत नाही ते आधी विचारा.

आपल्या मुलाला काय मिळत नाही? माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितल्या आहेत. आपला निर्णय आपण घ्यावा, आपल्याला काहीतरी जमावं, आपलं कुणीतरी असावं. व्हिडिओ गेम लोकांना का आवडतात याचा शोध घेताना रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच तीन गरजा खेळात भागताना दिसल्या.

चौसाळ्याच्या टापूतल्या विशीच्या मुलाच्या आयुष्यावर हे तिन्ही लावून पाहा. निर्णय? पावसाने दगा दिला की घराचा निर्णय आभाळ घेतं आणि उचल घेतली की मुकादम. जमणं? भरतीच्या जागा मोजक्या, अर्ज लाखांनी. परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल, पेपर फुटला तर काय, हे हातात नाही. आपलं कुणी? आई-बाप सहा महिने उसाच्या फडावर, बोलणं रात्री पाच मिनिटं. तेही 'जेवलास का' आणि 'अभ्यास करतोस ना' यांत संपतं.

मला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. शंभर जण बेटावर उतरतात, एक वाचतो, हा खेळ या मुलाला नवा नाही. स्पर्धा परीक्षेचं बेट त्याने आधीच पाहिलेलं असतं. फरक एवढाच की मोबाइलवर हरला तर नवा डाव मिनिटाभरात मिळतो. एम.पी.एस.सी.त हरला तर पुढचा डाव वर्षाने, आणि तोवर वय वाढलेलं. मोबाइलवर नियम सगळ्यांना सारखे, निकाल तिथल्या तिथे, 'तुझं काय चुकलं' तेही लगेच कळतं. ज्याला बाहेरच्या जगात न्याय उशिरा मिळतो, त्याला तत्काळ न्याय देणारं यंत्र गोड लागलं, तर त्यात दोष एकट्या त्याचा कसा?

पण हा न्याय फसवा आहे. खेळून मिळालेली रँक पहाटेच्या धावेला उपयोगी पडत नाही. रात्री तीनला झोपलेला मुलगा पाचला उठत नाही. उठला तर पाय ओढत पळतो. झोप तुटली की दिवसभर चिडचिड, लक्ष उडालेलं, वर्गात डुलकी. मग अपराधीपणा येतो. अपराधीपणा घालवायला हाताशी असलेलं सगळ्यांत जवळचं औषध म्हणजे पुन्हा तोच खेळ. उचल फेडायला नवी उचल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. म्हणून 'पोरगं मोबाइलच्या नादी लागलंय' या तक्रारीच्या आड कधी कधी उदासी असते, जिला घरात कुणी नाव दिलेलं नसतं.

फाशांची जात

सगळ्या खेळांना एका पारड्यात घालून चालत नाही. बंदुकीच्या खेळात मुख्यतः वेळ जातो. पैशाच्या खेळात घर जातं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. फासे त्याला ओढून नेतात, बायको दुरावते, सासू तिटकारा करते, उसने कुणी देत नाही. आज खेळणार नाही असं तो ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की पावलं तिकडेच वळतात. शेवटी त्याला सल्ला मिळतो: जुगार सोड, शेत नांगर. सल्ला चांगला आहे. बीडच्या दुष्काळी शिवारात तो द्यायचा, तर मात्र आधी विहिरीचं पाणी दाखवावं लागेल.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात म्हटलं होतं. ते क्लबात, टेबलाभोवती बसून खेळायच्या रमीबद्दल होतं. खिशातल्या फोनवर, कुठल्याही वेळी, अनोळखी माणसांशी, थेट बँक खात्यातून खेळायची रमी तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पुढे कौशल्याच्या याच युक्तिवादाचा आधार ऑनलाइन पैशाच्या खेळांनी घेतला आणि जाहिरातींत नट आणि क्रिकेटपटू आले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ई-स्पोर्ट्स आणि विरंगुळ्याचे खेळ या बंदीतून वगळले आहेत, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही.

ही शेवटची तरतूद पालकांनी नीट लक्षात ठेवावी. हरलेले पैसे लपवण्यासाठी मुलं ॲपवरून कर्ज काढतात, मित्रांकडून उसने घेतात, आणि कुणाला सांगायची लाज वाटते म्हणून खचतात. कायद्याने ज्याला गुन्हेगार मानलं नाही, त्याला घराने तरी मानू नये.

बंदीचा खेळखंडोबा

मार्च २०१९ मध्ये मराठवाड्यातच, हिंगोलीत, रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. त्याच महिन्यात गुजरातेत राजकोट पोलिसांनी बंदी मोडून पबजी खेळल्याबद्दल काही जणांना, त्यात विद्यार्थ्यांनाही, अटक केली. 'बंद करा' ही मागणी तेव्हापासूनची.

बंदी आलीही, पण वेगळ्या कारणाने. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेचा मुद्दा पुढे करून ११८ ॲप्स बंद केली. त्यात पबजी मोबाइल होतं. पोरं फ्री फायर या तशाच खेळाकडे गेली. जुलै २०२१ मध्ये पबजी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नव्या नावाने आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झालं, जुलै २०२२ मध्ये बॅटलग्राउंड्सही. मे २०२३ मध्ये बॅटलग्राउंड्स परत आलं, वेळेच्या मर्यादा घेऊन. एका फडावरून टोळी हलवली तर ती दुसऱ्या फडावर जाते, तोड थांबत नाही.

जगाचा अनुभवही असाच संमिश्र आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये मध्यरात्रीनंतर सोळा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना एकेक तासच मोकळा ठेवला. विद्यापीठातला विद्यार्थी यांपैकी कशातच बसत नाही. तो सज्ञान आहे, मतदार आहे. त्याच्या हातून फोन हिसकावण्याचा हक्क कुणाला नाही, आणि हिसकावून काही साधतही नाही. ज्या फोनमध्ये प्रवेशपत्र आहे, तो विहिरीत टाकून कसं चालेल?

फेड

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली आहे: व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, आणि त्याच्याबरोबर घरालाही उपचार लागतात. ते दारू आणि गर्दच्या काळातलं शहाणपण इथेही लागू पडतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालतं. नाव 'बंद करा' असं वाटतं, पण त्याचा विस्तार आहे 'तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीची सेवा'. फोन सोडवणं हा हेतू नाही, लगाम परत हातात देणं हा आहे.

उपचारांचा मुख्य भाग बोलण्याचा आहे. कुठल्या वेळी, कुठल्या भावनेने हात फोनकडे जातो ते ओळखणं, त्या वेळेला दुसरं काही ठेवणं, झोपेची घडी बसवणं. या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेली गोळी नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा लक्ष न टिकण्याचा विकार असेल तर त्यावर औषध मिळू शकतं, आणि तो बरा होऊ लागला की खेळाची ओढही अनेकदा सैल पडते.

चौसाळ्याच्या मुलाला बंगळुरू दूर आहे. पण ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट बोलता येतं, मराठीतही. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलू लागलं, तर मात्र वाट पाहायची नाही. त्याच दिवशी त्याला घेऊन निघायचं.

आजीने काय करावं? फोन हिसकावू नये. डाव मध्ये तोडला की भांडण डावावरून होतं, मूळ प्रश्न बाजूला राहतो. "किती मिनिटं राहिलीत तुझ्या मॅचला?" असं विचारावं आणि तेवढी मिनिटं थांबावं. मग मात्र शब्द पाळायला लावावा. आई-बापांनी रात्रीच्या पाच मिनिटांत एक दिवस अभ्यासाचं विचारू नये. "आज कोण जिंकलं?" एवढंच विचारावं. बापाने पोराच्या खेळाची चौकशी केली की पोरगा आधी चकित होतो, मग बोलतो. आणि महाविद्यालयांनी संध्याकाळी मैदान उघडं ठेवावं. कबड्डीतही टोळी असते, शिवाय अंधार पडला की ती आपोआप थांबते.

मुलाने स्वतः काय करावं? एक वही घ्यावी. समुपदेशक हीच पहिली पायरी सांगतात. रोज झोपताना तीन गोष्टी लिहायच्या: किती डाव, किती वाजता संपले, आणि सुरू करायच्या आधी मन कसं होतं. उपदेश नको, शपथ नको. नुसती नोंद.

समजा, आपल्या मुलाने पहिल्या आठवड्यात नोंद केली: रोज सरासरी चार तास. मग तो गुणाकार करील. वर्षाचे १,४६० तास. आठ तासांचा एक रोज धरला, तर एकशे साडेब्याऐंशी दिवसांची मजुरी. म्हणजे सहा महिने. आई-बाप फडावर असतात, तेवढेच.

हा हिशेब खेळ चालवणाऱ्या कंपनीला आधीपासून ठाऊक असतो. किती डाव, किती मारले, किती वेळ, सगळं तिच्याकडे नोंदलेलं असतं. मुकादमाच्या वहीचं बळ त्यातल्या आकड्यांत नव्हतं. ती मजुराच्या हातात कधी येत नव्हती, यात होतं. चाळीस पानी वहीला चौसाळ्याच्या बाजारात फार पैसे पडत नाहीत. ती पोराच्या उशाशी असली, तर उद्या रात्री आजीने "मघापासून एकच हाये का तुझी?" असं विचारल्यावर त्याला खरं उत्तर देता येईल: "नाही आजी, चौथी. आणि शेवटची."